डेन्व्हर ते शिकागो, उजाडताना निघून अंधार पडायच्या आत

मागच्या उन्हाळ्यात ताईकडे शिकागोला गेलो होतो, तिला आधीच सांगून ठेवलं होतं की बाकी काही दाखव नाहीतर नको दाखवू, पण झेफर मला बघायचीच आहे. तिथल्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये पायोनियर झेफर ठेवलीये, तीन डब्यांची अख्खी रेल्वेगाडी, आणि मी कॉलेजात असल्यापासून तिच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. समोर उभा राहिलो तेव्हा पहिली काही मिनिटं तोंडातून शब्दच फुटेना.

फोटोत कळत नाही ते म्हणजे तिला रंगच नाहीये, ती चमक नुसत्या स्टेनलेस स्टीलची आहे. बाजूच्या पत्र्याला लांबच लांब आडव्या पन्हळी आहेत, दिसायला सुंदर आहेतच पण पातळ पत्रा त्यामुळेच ताठ राहतो. आणि नाक अगदी जवळ नेऊन बघितलं की वेल्डिंगचे बारीक गोल ठिपके दिसतात, एका ओळीत, शिवणीच्या टाक्यांसारखे. माझ्या मते सगळी कमाल त्या टाक्यांची आहे. कारण स्टेनलेस जास्त वेळ तापलं की त्यातलं क्रोमियम कार्बनला जाऊन चिकटतं आणि मग नेमका तिथेच गंज धरतो, म्हणजे साधं वेल्डिंग केलं तर स्टेनलेस वापरून उपयोग काय. ही गाडी बांधणारी फिलाडेल्फियाची बड कंपनी खरं तर मोटारींच्या बॉड्या करणारी, तिथल्या अर्ल रॅग्सडेल यांनी करंट क्षणभरच पण अगदी मोजून द्यायची पद्धत काढली, तिला शॉटवेल्ड म्हणतात. त्यामुळे पातळ पत्र्याची गाडी करता आली, आणि शेजारशेजारच्या डब्यांना मध्ये एकच बोगी (म्हणजे खालचा चाकांचा गाडा) दिली, म्हणजे तीन डब्यांना मिळून चारच. सगळ्या गाडीचं वजन तेव्हाच्या एका पुलमन, म्हणजे जड स्लीपर डब्याएवढं भरलं!

हा सगळा खटाटोप मंदीच्या काळातला. पॅसेंजर घटले होते, लोक मोटारीकडे नाहीतर बसकडे वळत होते. झेफर चालवणाऱ्या बर्लिंग्टन रेल्वेचे प्रेसिडेंट राल्फ बड (नाव सारखं असलं तरी त्या बड कंपनीशी नातं नाही) १९३३ च्या शिकागोच्या जत्रेत, म्हणजे जागतिक प्रदर्शनात गेले आणि तिथे जनरल मोटर्सच्या दालनाला वीज पुरवणारी विंटन कंपनीची नवी डिझेल इंजिनं त्यांनी बघितली. अजून सुधारणा चालू असलेलं तसलं ६०० हॉर्सपॉवरचं इंजिन त्यांनी गाडीत बसवायला घेतलं, याला हिंमत लागते.

तसं जर्मनीने आधी करून दाखवलं होतं, त्यांची फ्लिगेंडर हॅम्बुर्गर ही डिझेल गाडी मे १९३३ पासून बर्लिन ते हॅम्बुर्ग २८६ किमी १३८ मिनिटांत जात होती. अमेरिकेत युनियन पॅसिफिक रेल्वेची एम-१०००० ही गाडीसुद्धा झेफरच्या आधी तयार झाली, पण तिचं इंजिन डिझेल नव्हतं.

आणि मग २६ मे १९३४, डेन्व्हर ते शिकागो विक्रमी धावेचा दिवस. आदल्या दिवशी डेन्व्हरमध्ये एका बेअरिंगला तडा गेलेला सापडला, दुसरं विमानाने मागवावं लागलं, त्यात तासभर उशीर होऊन पहाटे पाचनंतर गाडी सुटली. वाटेत प्रत्येक फाटकावर माणूस उभा केलेला. मध्येच केबल शॉर्ट होऊन इंजिन बंद पडलं, परत चालू करायला दुसरा मार्ग नव्हता, तर एकाने तारेची तुटलेली दोन टोकं हातात घेतली आणि एकमेकांना टेकवून धरली. हात भाजले त्याचे, पण इंजिन चालू झालं. हे मी कितीदातरी वाचलंय आणि दरवेळी अंगावर काटा येतो.

१,०१५ मैल, म्हणजे १,६३४ किमी, १३ तास ५ मिनिटांत, कुठेही न थांबता. सरासरी ताशी १२५ किमी, एका ठिकाणी १८१ पर्यंत. एरवी या प्रवासाला साधारण दुप्पट वेळ लागायचा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर आणि शिकागो १८० च्या आसपास, म्हणजे एकूण उतारच मिळाला हे खरं, मी लोणावळ्याचा असल्यामुळे गाडी घाट चढते कशी आणि उतरते कशी हे लहानपणापासून बघितलंय, पण इथला उतार घाटासारखा नाही, एवढ्या लांबीवर पसरलेला आहे, त्यामुळे माझ्या लेखी विक्रम काही छोटा होत नाही.

संध्याकाळी गाडी थेट प्रदर्शनातल्या स्टेजवर जाऊन थांबली आणि लोक रुळांवर धावत आले. गाडीत कोलोरॅडोहून आणलेलं एक गाढवही होतं, झेफ नावाचं, ते ऐकून ताईने मला दोनदा विचारलं की खरंच का. खरंच.

नोव्हेंबरपासून ती रोजच्या सेवेत लागली, कॅन्सस सिटी, ओमाहा, लिंकन, आणि १९६० पर्यंत पळाली, तीस लाख मैलांच्या वर. म्युझियम बंद व्हायची वेळ झाली तरी मी शेवटच्या डब्याच्या त्या गोल काचांपाशीच होतो, ताई दोनदा बोलवायला आली.