पावसाळ्यात पावडरीपासून डीएमईएम बनवताना: माझा अनुभव

डीएमईएम म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवायचं पोषक द्रावण, म्हणजेच मीडिया. त्याची पावडर दोन ते आठ अंशांवर ठेवतात. गोव्याच्या पावसाळ्यात फ्रिजमधलं थंड पाकीट काढल्या काढल्या फाडलं की आत दव धरतं आणि पावडरीच्या गुठळ्या होतात. म्हणून मी पाकीट तासभर बाहेर ठेवते. एक लिटरचं पाकीट अख्खंच ओतते. मोठ्या डब्यातून लागेल तशी पावडर काढत राहिलं तर ती ओल ओढते. मग वजनात पाणीही मोजलं जातं आणि ऑस्मोलॅलिटी (द्रावणात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) कमी भरते.

खोलीच्या तापमानाचं ९०० मिली टाइप १ (प्रयोगशाळेतलं सगळ्यात शुद्ध) पाणी घेऊन चुंबकी स्टररवर पावडर विरघळवायची, पाकीट आतून धुऊन तेही पाणी त्यातच. पाणी तापवायचं नाही.

पुढची पायरी सोडियम बायकार्बोनेटची, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नेहमीच्या कृतीत लिटरला ३.७ ग्रॅम असतं, ते इन्क्युबेटरमधल्या (पेशी वाढवायच्या उबदार कपाटातल्या) हवेत १०% कार्बन डायऑक्साइडचा हिशेब धरून; हा वायू मीडिया आम्ल करतो, बायकार्बोनेट त्याला तोलून धरतं. आपले बहुतेक इन्क्युबेटर ५% वर चालतात. तिथे हाच मीडिया पीएच ७.७ च्या आसपास स्थिरावतो, त्यातला पीएच दाखवणारा रंग, फिनॉल रेड, गुलाबी दिसतं. दाट वाढलेल्या पेशी आम्ल सोडून तो खाली आणतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. विरळ पेरलेल्या पेशींना मात्र ते सोसत नाही. मी ५% साठी २.२ ग्रॅम घालते, पीएच ७.५ च्या जवळ येतो. कमी केलेल्या दीड ग्रॅमच्या बदल्यात साधारण १ ग्रॅम सोडियम क्लोराइड, म्हणजे ऑस्मोलॅलिटी जागेवर राहते. आरपीएमआय १६४० या दुसऱ्या मीडियात मुळातच २ ग्रॅम असतं, त्याला ही उठाठेव लागत नाही.

गाळण्यापूर्वी पीएच हव्या त्या आकड्यापेक्षा ०.२ ते ०.३ खाली ठेवायचा. व्हॅक्यूमखाली कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर चढतो. मग लिटर पुरा करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून लगेच गाळायचं. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) नको, मीडियातलं ग्लुटामिन हे अमिनो आम्ल टिकत नाही. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू मात्र या फिल्टरमधूनही निसटू शकतो, त्याची चाचणी वेगळी करावी लागते.

सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) आणि अँटिबायोटिक घालण्याआधी ५ मिली काढून ३७ अंशांवर तीन दिवस ठेवते. गढूळ झालं तर अख्खी बॅच टाकून देते, जीव कितीही हळहळला तरी. अँटिबायोटिक घातल्यावर हीच चाचणी केली तर जंतू दबून राहतात आणि नंतर डोकं वर काढतात.

पावसात बुरशी बहुतेक वेळा वॉटर बाथमधून, म्हणजे बाटल्या कोमट करायच्या पाण्याच्या टाकीतून येते. तिथलं पाणी आठवड्याला बदलायचं, बाटलीची मान पाण्याच्या वर ठेवायची, बाहेर काढल्यावर ७०% अल्कोहोलने पुसायची. शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जातं, जंतू मारायला पाणी लागतं.

बाटल्यांना फॉइल गुंडाळायची. ट्यूबलाइटच्या उजेडात मीडियातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वामुळे पेशींना घातक हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. फ्रिजमध्येही ग्लुटामिन हळूहळू तुटतं, अमोनिया साचतो. म्हणून बाटलीवर तारीख घालते, आणि चवथीच्या सुट्टीआधी उघडलेली बाटली परत आल्यावर वापरत नाही.