चेहरा सगळ्यात शेवटी

रात्रीचे साडेअकरा वाजलेत पण आज लिहिलं नाही तर उद्या यातलं अर्धं विसरेन. कॅरेक्टर डिझाइन, म्हणजे कार्टूनसाठी पात्रं घडवणं, शिकायला लागल्यापासून आज पहिल्यांदा माझं स्वतःचं एक पात्र कागदावर नीट उभं राहिलंय, आणि त्याला अजून नाक-डोळे काहीच नाहीत.

कोल्हापुरात चित्रकला शिकलेल्यांचा हात पोर्ट्रेटवर बसलेला असतो. आबालाल रहमान, बाबूराव पेंटर या इथल्या जुन्या चित्रकारांची नावं ऐकतच आम्ही शिकलो, सकाळी पंचगंगा घाटावर लँडस्केप, दुपारी वर्गात मॉडेल बसवून पोर्ट्रेट, आणि माणूस ओळखायचा तो चेहऱ्यावरून हे डोक्यात पक्कं. कार्टूनमध्ये सगळं उलटं. आधी आकार बघायचा. गोल म्हणजे मऊ, जवळचा वाटणारा, चौकोन म्हणजे ठाम, जागचा न हलणारा, त्रिकोण म्हणजे चपळ नाहीतर डेंजर. याला शेप लँग्वेज म्हणतात, नाव ऐकून काहीतरी परदेशी वाटतं, पण आपल्या वारली चित्रांत बघा ना, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस तयार, वर गोल डोकं, चेहरा नाहीच, तरी कोण नाचतंय, कोण भाताची लावणी करतंय, कोण ओझं घेऊन चाललंय सगळं कळतं.

तर माझं पात्र म्हणजे एसटीचे कंडक्टर काका. गेले बरेच दिवस सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर बसून स्केचेस करतेय, आणि मला सगळ्यात आवडली ती खांद्यावरची चामड्याची बॅग. तिच्या वजनाने एक खांदा खाली, मग तोल सांभाळायला कंबर दुसऱ्या बाजूला, आणि मान परत सरळ. मानेपासून टाचेपर्यंत एकच वळणदार रेघ मिळते, तीच लाइन ऑफ ॲक्शन, ती आधी मारायची आणि मग त्यावर अंग चढवायचं. आज मी आतलं सगळं काळं भरून टाकलं, खाकीचा रंग नाही, बिल्ला नाही, मिशी नाही, फक्त सावलीसारखा आकार, आणि भाचीला दाखवला. ती म्हणाली, "मावशी, हे तिकीटवाले काका ना?" अख्ख्या दिवसाचं सार्थक झालं.

मग हात. कार्टूनमध्ये बहुतेक वेळा तीन बोटं आणि एक अंगठा एवढंच काढतात, कारण छोट्या हातावर पाच बोटं केळ्याच्या फणीसारखी दिसतात आणि ॲनिमेशनमध्ये तोच हात शेकडो वेळा काढायचा म्हणजे प्रत्येक बोट हे कामच असतं. पण कंडक्टर नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात खोचतो! तीन बोटं म्हणजे दोनच बेचकी. मी बराच वेळ पाचवं बोट घालून बघितलं, मग दोनच नोटा ठेवल्या पण चांगल्या लांब आणि ताठ काढल्या, आणि खरंच त्या जास्त नोटांपेक्षा उठून दिसतात. रिअलिस्टिक कामात जे दिसतं ते सगळं काढायचा मोह होतो, इथे दोन गोष्टी निवडायच्या आणि त्याच मोठ्या करायच्या. चिंटू १९९१ पासून रोज पेपरात यायचा, डोक्यावरच्या त्या मोजक्या उभ्या केसांवरून लांबूनही ओळखू यायचा, रोज काढायचं पात्र इतकंच सुटसुटीत लागतं हे आता स्वतः काढताना कळतंय.

आता अडलंय ते टर्नअराउंडवर. म्हणजे पात्र समोरून, तिरकं, बाजूने आणि मागून एकाच उंचीवर ओळीत काढायचं, डोकं, खांदा, कंबर, गुडघा सगळ्यांच्या रेघा आडव्या जुळल्या पाहिजेत. माझे काका मागून काढले की बॅग पोटापुढे जाते, मागे राहतो नुसता पट्टा आणि ओळखच जाते. १९२८ च्या मिकी माऊसचे कान आठवले, तो डोकं कुठेही वळवो, कान दोन्ही गोलच दिसतात, खऱ्या डोक्यावर हे शक्य नाही पण डोळ्याला पटतं म्हणून चालतं. मग आपली बॅगही जरा सरकली तर काय बिघडलं? आणि दुसरं, पुण्यात सेनापती बापट रोडला सिंबायोसिसमध्ये आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा पुतळा आहे, मागच्या वेळी मी मुद्दाम त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले होते. टक्कल, कानांमागचे केस, कोट, खाली धोतर. पाठीवरूनही तोच. खरंच केवढी ताकद आहे ही, दिवसाला एक चित्र याप्रमाणे वर्षानुवर्षं तोच माणूस काढायचा आणि तो कुठूनही बघितला तरी तोच राहिला पाहिजे.

उद्या बॅग कमरेच्या बाजूला ओढून घेणार, म्हणजे मागून तिचा अर्धा फुगवटा बाहेर दिसेल, आणि पट्टा जरा रुंद करणार. त्यानंतर एक्स्प्रेशन शीट, म्हणजे एकाच पात्राचे वेगवेगळ्या भावांतले चेहरे. पहिला चेहरा ठरलाय, सुट्टे पैसे नसलेला पॅसेंजर शंभराची नोट पुढे करतो तेव्हाचा.