माल्कमचे आठ लाख

जॉन माल्कम म्हटलं की महाबळेश्वरची माल्कम पेठ आठवते. आपण नागपूरकरांनी मात्र त्याच्याकडे बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या बाजूने बघावं. १८१७ मध्ये इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर जे विस्कटलं, त्याची दोन टोकं तिथे त्याच्यापुढे आली: पेशवा दुसरा बाजीराव आणि आपले नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले.

माल्कमचा जन्म १७६९ मधला, स्कॉटलंडचा. १७८३ मध्ये पोरवयातच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत आला. फारसी शिकला, त्यामुळे तलवारीइतकीच बोलणी करण्याची कामं त्याच्याकडे येत गेली. इराणला तो तीनदा वकील म्हणून गेला. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या तोफांवर चालून जाणाऱ्या पलटणींच्या पुढेही तोच होता.

इकडे बाजीराव नागपूरकरांशी हात मिळवायला चांद्याच्या रोखाने आला. १७ एप्रिल १८१८ ला कर्नल अॅडम्सने त्याला शिवणीला गाठून मोडलं. ही शिवणी पांढरकवड्याजवळची. मध्य प्रदेशातलं सिवनी समजून नकाशा काढला, की पेशव्याची सगळी वाट चुकते. तिथून तो उत्तरेला, असीरगडाजवळ धूळकोटला पोचला.

आता माल्कमचा हिशेब बघा. जून तोंडावर, एकदा पाऊस लागला की तोफा चिखलात. असीरगडाचा किल्लेदार जसवंतराव लाड पेशव्याला आत घेईल ही धास्ती. आणि त्याच मे महिन्यात इंग्रजांच्या कैदेत प्रयागला नेले जाणारे आप्पासाहेब शिपायाच्या वेशात पहाऱ्यातून निसटलेले. बाजीरावही असाच हातचा गेला असता, तर मोहीम आणखी एक पावसाळा रेंगाळली असती. म्हणून माल्कमने अटी घातल्या: स्वतःसाठी आणि वारसांसाठी गादीचा हक्क सोडायचा, दख्खन सोडून उत्तरेत राहायचं, बदल्यात वर्षाला किमान ८ लाख रुपये. ३ जूनला बाजीराव त्याच्या छावणीत आला. पण काम तिथे संपलं नाही. थकलेल्या पगारासाठी बाजीरावाच्याच अरबांनी त्याचा तंबू घेरला, तेव्हा माल्कमला फौज उभी करून तो तंटा मिटवावा लागला.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली. मला माल्कमचंच बरोबर वाटतं, आणि पुरावा पुढच्या वर्षाचा आहे. आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आधाराने राहिले आणि पुढे असीरगडात शिरले. मग १८१९ मध्ये त्या एका गडाला माल्कम आणि डोव्हटन अशा दोघांच्या फौजा लागल्या. हा डोव्हटन म्हणजे डिसेंबर १८१७ मध्ये नागपुरावर चालून आलेलाच. ९ एप्रिलला गड पडला, आप्पासाहेब सापडलेच नाहीत. पुढे जोधपूरच्या आश्रयाला गेले, १८४० मध्ये तिथेच वारले.

माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव देऊन त्याने १८२९ मध्ये महाबळेश्वरची जागा घेतली. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. पुण्याच्या प्रजेवर मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा हुकूम चालू द्यायला त्याने नकार दिला, तेव्हा न्यायमूर्ती ग्रँटने कोर्टच बंद ठेवलं. विलायतेत निकाल माल्कमच्या बाजूने लागला.

१८३३ मध्ये तो लंडनला वारला. बाजीराव त्यानंतर जवळपास १८ वर्षं बिठूरला जगला. आठ लाख त्याला शेवटपर्यंत मिळत राहिले. १८५१ मध्ये तो गेल्यावर त्याच्या दत्तक मुलाला, नानासाहेबांना मात्र डलहौसीने ते नाकारले.