पाय लागला की नमस्कार

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की नाशिकजवळच्या गिरणारे रस्त्यावर पिकअपची ये-जा वाढते. आठवड्यातले चार दिवस सकाळी मी त्याच रस्त्यावर सायकलवर असते. वय ५२, नोकरी पतसंस्थेत हिशेब लिहिण्याची, गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाच वर्षांपूर्वी सायकल सांगितली आणि ती अंगाला लागली.

गेल्या महिन्यात गंगापूर गाव ओलांडल्यावर एक पिकअप मागून आली. रिकामी कॅरेट टपाच्याही वर रचलेली, दोरी सैल. समोरून एसटी येत होती, त्यामुळे पिकअपने मला अगदी खेटून ओलांडलं. डावा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. मी साइडपट्टीवर उतरले, मुरमावर चाक सरकलं, एक पाय टेकला म्हणून वाचले. तोंडात शब्द तयार होता. तो कोणता, ते इथे लिहीत नाही.

तेवढ्यात क्लीनरच्या बाजूने एक पोरगा कमरेपर्यंत बाहेर वाकला. मागे वळून माझ्याकडे बघितलं, हात माझ्या दिशेने लांब केला आणि तोच हात छातीला आणि कपाळाला लावला. गर्दीच्या बसमध्ये कुणाला पाय लागला की आपण करतो ना, अगदी तसं. पुढच्या वळणावर गाडी दिसेनाशी झाली. तोंडातला शब्द मी गिळला.

घरी येऊन मी हिशेब मांडला, ती सवयच. माझा वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. पिकअपचा ६० धरला तर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दोघांतला फरक १२. म्हणजे आरसा लागल्यापासून तीन सेकंदांत गाडी ३५ मीटर पुढे. तेवढ्यात "माफ करा, चूक झाली" असं म्हणायलाही वेळ नाही, म्हटलं तरी इंजिनाच्या आवाजात मला काय ऐकू येणार? रस्त्यावरची माफी हातानेच मागावी लागते, तीही लगेच.

पण आपल्याकडे हाताचे अर्थ फार. पंजा वर करून स्थिर धरला तर "थांबा" किंवा "ठीक आहे". तोच पंजा मनगटातून फिरवला की "काय रे, आंधळा का?" अंतर असतं फक्त मनगटाचं, आणि दुरून ते दिसत नाही. हेडलाइटचंही तसंच. माझा भाचा इंग्लंडात गाडी चालवतो, तिथे समोरच्याने लाइट मारला की बहुतेक वेळा "तुम्ही जा" असा अर्थ घेतात. नाशिकला त्याचा अर्थ "मी येतोय, बाजूला व्हा." भाचा सुट्टीत आला तेव्हा द्वारका चौकात त्याने हा फरक शिकून घेतला. स्कूटर माझी होती.

हॉर्नबद्दल मात्र मी कट्टर नाही. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला २०१५ मध्ये महाराष्ट्रात बंदी आली, बरं झालं, पण दुरून वाजवलेला एक छोटासा 'पीं' मला आवडतो. ती सूचना असते, मी आलोय मागे. तोच हॉर्न चाकाला चाक भिडवून वाजवला तर मी दचकते, दचकले की हँडल हलतं, आणि हलायला मला जागा लागते. खड्डा चुकवायला लागते, मोठी गाडी बाजूने गेली की आधी वारा ढकलतो आणि मग आत ओढतो, तेव्हाही लागते. इंग्लंडच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमावलीत, २०२२ पासून सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर जागा सोडा असं लिहिलंय. दीड मीटर म्हणजे साडीच्या पन्ह्यापेक्षा थोडं जास्त. कॉलेज रोडवर तेवढा मोकळा रस्ता मिळाला तर मी पेढे वाटीन. तिथे गाड्यांचे दरवाजे धडाधड उघडतात. चालकाने उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने दार उघडलं की शरीर आपोआप वळतं आणि मागचा सायकलवाला दिसतो. ही डच लोकांची सवय. नवऱ्याला मी ती लावली. सहा महिने लागले.

नाशिकला सायकलचं कौतुक कमी नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी ओलांडायची सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली, २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच एकट्याने. जवळजवळ ४,८०० किलोमीटर. आषाढीआधी इथून पंढरपूरला सायकलवारी जाते. या कौतुकाने आमच्यातले काही जण शेफारलेत, हेही सांगते. रविवारी सकाळी चार-चार जण शेजारी-शेजारी गप्पा मारत जातात आणि मागच्या दूधवाल्याने हॉर्न दिला तर त्यालाच डोळे वटारतात. हेल्मेट घातलं म्हणजे रस्ता नावावर झाला का?

मीही त्यातलीच, हे कळायला जेहान सर्कल लागलं. उजवीकडे वळायचं होतं. हात दाखवायला हवा होता, दाखवला नाही, कारण भाजीची पिशवी हँडलला अडकवलेली होती आणि ती सावरत होते. मागच्या रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. आतल्या आजी पुढे आदळल्या. आणि मी काय केलं? वळून त्यालाच म्हटलं, "दिसत नाही का हो?" तो काही बोलला नाही. नुसतं बघितलं आणि गेला. मागे काचेवर तुकोबांचं चित्र होतं, तेवढं लक्षात राहिलं.

त्या पिकअपच्या पोराने हात कपाळाला लावला, त्या रात्री मला हा रिक्षावाला आठवला. पोराचं वय असेल सतरा-अठरा. माझं मी वर लिहिलंय.

मग पंधरा दिवस येता-जाता रिक्षांच्या काचा बघत होते. परवा स्टँडवर तुकोबा दिसले. सायकल स्टँडला लावून गेले. साठीचे गृहस्थ, पेपर वाचत बसले होते.

"काका, मागे सर्कलला माझी चूक झाली होती. मीच हात दाखवला नव्हता आणि वर तुम्हालाच बोलले."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "कधी?"

"दोनेक महिने झाले."

"अहो ताई, रोज कोणी ना कोणी बोलतंच. कुठलं कुठलं लक्षात ठेवू?"

मला काय बोलावं ते सुचेना. आजींना लागलं नव्हतं ना, असं विचारलं. कुठल्या आजी, तेही त्यांना आठवेना. पेपरची घडी घालून त्यांनी मागच्या सीटवर टाकली आणि माझ्या पिशवीकडे बघितलं.

"जायचं कुठं, पाइपलाइन रोड? बसा."

"सायकल आहे ना, काका."

"मग पिशवी तरी मागे कॅरिअरला बांधत जा," ते म्हणाले, आणि सीटखालून सुतळीचा तुकडा काढून दिला.