तिवर न तोडता बांध दुरुस्त केला, माझा अनुभव

दिवा गावात खाडीकडेला आमचे तीस गुंठे आहेत. सातबाऱ्यावर भातशेती, जाऊन बघाल तर अकरा गुंठ्यांत तिवर, म्हणजे खाडीतलं कांदळवनाचं झाड. झालं असं की 26 जुलै 2005 च्या पुरात बाहेरच्या बांधाला खांड गेली, म्हणजे मधला तुकडा फुटून वाहून गेला, वडील म्हणाले दिवाळीनंतर बघू, आणि त्याच ऑक्टोबरात हायकोर्टाचा आदेश आला की कांदळवन तोडायचं नाही आणि त्याच्या भोवती 50 मीटरात बांधकामही नाही. आमचं अख्खं शेत चौकोनी धरलं तर बाजू पंचावन्न मीटरची भरेल, म्हणजे जवळजवळ सगळंच त्या 50 मीटरात. भरती रोज आत यायला लागली, तिवराचं बी तरंगत आलं आणि रुजलं. वडिलांनी नाद सोडला.

2021 ला लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली तेव्हा मी परत त्या जमिनीकडे बघायला लागलो. डोक्यात सरळ हिशोब होता, खांड बुजवायची, तिवर काढायचं, भात लावायचा. एका ऑफिसात अर्ज दिला, दोन महिन्यांनी कळलं की हे आमच्याकडे येतच नाही, दुसरीकडे द्या. तिथे गेलो तर म्हणे आधी पहिल्याचं पत्र आणा. असो. त्यात एक काम मात्र चांगलं झालं, जुना गावनकाशा काढला आणि गुगल अर्थवरचे पूर आधीचे फोटो प्रिंट करून ठेवले, कारण बांध आधीपासून होता हे दाखवलं नाही तर तुम्ही खाडीत भराव टाकताय असंच समजतात.

शेवटी पाहणीला लोक आले. त्यातले एक साहेब बूट काढून, पॅन्ट दुमडून चिखलात उतरले, तिवराची मुळं पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर आलेली असतात त्यात पाय कुठे ठेवायचा हे त्यांना बरोबर माहीत होतं. मी खांड दाखवली. ते म्हणाले, "ही बुजवली की आतल्या झाडांचं भरतीचं पाणी बंद. वर्षभरात वाळतील. कुऱ्हाड लावा नाहीतर पाणी तोडा, गुन्हा तोच." मला हे खरंच सुचलं नव्हतं. राग पण आला, जमीन आमची, पट्टी आम्ही भरतो, आणि त्या अकरा गुंठ्यांचे मला आजपर्यंत एक रुपया कुणी दिलेला नाही.

मार्ग काकांनी काढला. मला बाहेरच्या बांधावरून फिरवून दाखवलं, "आरं बघ, जिथं म्होरं तिवर दाट हाय तिथला बांध शाबूत हाय, खांड गेली ती मोकल्या जागंवर." मग ठरलं, खांड तशीच ठेवायची, तिवराला त्याचं पाणी, आणि वरच्या अंगाला जी जुनी आतली मेर, म्हणजे छोटा बांध, होती ती उंच करायची. लाटेचा जोर तिवर खातो, त्यामुळे मेर फार उंच लागली नाही. नवीन अर्ज असा दिला: जेसीबी नाही, एक फांदी नाही, जुन्या रेषेच्या बाहेर माती नाही. सात महिन्यांत पत्र हातात आलं.

काम हातानेच केलं, खाडीचा चिकट चिखल गोळे करून एकावर एक. उघाडी, म्हणजे बांधातून पाणी बाहेर सोडायची वाट, छोटी बसवली, पाइपाच्या खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप. भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप बंद, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडते. माणूस लागत नाही, फक्त झडपेत प्लास्टिकची पिशवी अडकली की रात्रीत खारं पाणी आत, हे एकदा झालंय.

माती तपासली तर ईसी, म्हणजे मातीतल्या खारेपणाचा आकडा, 9 आली, 4 च्या वर गेली की जमीन खारी धरतात. पहिला पावसाळा काहीच पेरलं नाही, गोडं पाणी साठवायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं, एवढंच. दुसऱ्या वर्षी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राची पनवेल 3 जात घेतली, मोड आणलेलं बी थेट चिखलात फेकलं. एकोणीस गुंठ्यांत पाच पोती भात झालं, कडेचा पट्टा पांढरा पडून जळाला. पण तिवराखालच्या चिंबोऱ्या मुलगा उन्हाळ्यात पण काढतो, त्याचे पैसे मी कधी हिशोबात धरलेच नव्हते.

ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला लोक बोटीची तिकिटं काढतात, आमच्याकडे बगळे आणि चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या मासळ्या, बघायला कोण येतंय. सध्या झडपेची बिजागरी गंजलीय, पुढच्या अमावास्येच्या उधाणाआधी बदलायचीय, कोणी स्टीलची वापरली असेल तर खाऱ्या पाण्यात किती टिकते ते सांगा.