सात सीटरची टेस्ट ड्राइव्ह सात जणांना घेऊनच करा (माझा अनुभव)

आमच्या घरात माणसं सात. मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई, अण्णा म्हणजे सासरे आणि नणंद. गाव चिपळूणजवळ. पुण्याहून निघालं की उंब्रज, पाटण करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि गणपती झाले की तोच घाट नारळ, तांदूळ, सगळ्या सामानासकट चढायचा. दरवर्षी आमची छोटी गाडी आणि सोबत एक भाड्याची असं चालायचं. यंदा ठरवलं की सगळे एकाच गाडीत मावले पाहिजेत. इनोव्हाचं बजेट नाही, त्यामुळे ट्रायबर, एर्टिगा आणि कॅरेन्स एवढ्याच बघायच्या होत्या.

बघण्याचं काम पटकन झालं. तिसऱ्या रांगेत कोण कसं बसतं हे शोरूममध्ये उभ्या गाडीतच कळतं, त्याला टेस्ट ड्राइव्ह लागत नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मधली सीट पुढे पाडून मागे शिरणं त्यांना जमणार नाही हे पहिल्याच गाडीत कळलं. त्या साडीचा घोळ एका हातात धरून दुसऱ्या हाताने वरचं हँडल शोधत होत्या आणि पाय वर येतच नव्हता. म्हणजे त्या कायम मधल्या रांगेत आणि मागच्या दोन सीटवर मुलं. कॅरेन्सच्या वरच्या व्हेरियंटमध्ये मधली सीट बटणावर उलटते, ते चांगलंय, पण गुडघा वाकवायला लागतोच. डिकीचं सांगायचं तर सगळ्या सीट उभ्या असताना ट्रायबरमध्ये ८४ लिटर, एर्टिगात २०९ आणि कॅरेन्समध्ये २१६ लिटर जागा आहे. ट्रायबरच्या मागच्या सीट काढून घरी ठेवता येतात, मग ६२५ लिटर होते, पण मग माणसं पाचच, आमच्या काय कामाची. आम्ही घरची मोठी ट्रॉली बॅग सोबत नेली होती आणि प्रत्येक डिकीत घालून बघितली, तुम्हीही न्या, लिटरवरून काही अंदाज येत नाही.

आता खरं दुखणं. यातल्याच एका गाडीसाठी मी ज्या शोरूममध्ये गेले, त्याचं नाव लिहीत नाही आणि गाडी कुठली तेही नाही, तिथल्या पोरांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये मला. माझं म्हणणं एवढंच होतं की टेस्ट ड्राइव्ह सात जण बसवून आणि घाटात द्या. सात माणसं सरासरी ६० किलोची धरली तरी ४२० किलो होतात आणि या वर्गातल्या हलक्या गाडीचं स्वतःचं वजनच हजार किलोच्या आसपास असतं. एकटा ड्रायव्हर आणि शेजारी सेल्सवाला असं सपाट रस्त्यावर फिरून त्या इंजिनबद्दल काय कळणार? ट्रायबरचं १ लिटरचं इंजिन ७२ पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनची ताकद) आहे, एर्टिगाचं १.५ लिटरचं १०३ पीएसचं, कागदावर फरक दिसतो, पण माझी माणसं बसल्यावर माझ्या घाटात काय होतं हे कागद सांगत नाही.

त्यांचा रूट ठरलेला, शोरूममधून बाहेर, पुढच्या पुलाखालून यू-टर्न आणि परत. मी विचारलं तर म्हणे मॅडम पॉलिसी आहे, तीन-चार जणच बसू शकतात. पॉलिसी लेखी दाखवा म्हटलं तर मॅनेजर साहेब मीटिंगमध्ये. फॉर्मवर नंबर माझा, लायसन्स माझं, गाडी चालवणार मी (नवरा गाडी चालवतच नाही), आणि फॉलोअपचे फोन मात्र नवऱ्याला, "सर, डिसिजन काय झालं?" तो प्रत्येक वेळी सांगायचा की बायकोला फोन करा, तरी पुढचा फोन त्यालाच. मग एकदा सांगितलं की शनिवारी या, पूर्ण फॅमिली घेऊन या, गाडी तयार ठेवतो. नणंदेने सुट्टी अ‍ॅडजस्ट केली, सासूबाईंना रिक्षात बसवून नेलं, आणि गेलो तर डेमो कार दुसऱ्या कस्टमरकडे. अर्धा तास म्हणाले. सोफ्यावर बसून कागदी कपातला चहा झाला, मुलांनी शोरूममधल्या सगळ्या गाड्यांचे दरवाजे उघडून बंद करून झाले, अण्णांची दुपारच्या गोळीची वेळ टळून गेली, आणि दोन तासांनी गाडी आली तर मागची रांग पाडलेली, त्यावर ब्रोशरचे खोके आणि एक गुंडाळलेला बॅनर, आणि पेट्रोलचा लाल दिवा लागलेला. मी म्हटलं खोके काढा, सीट उभ्या करा, पेट्रोल हवं तर मी भरते. तर मॅनेजर बाहेर आले आणि म्हणाले, "मॅडम, घाटात कोण टेस्ट ड्राइव्ह घेतं? आधी टोकन अमाउंट भरा, मग बघू." मला त्या क्षणी इतका राग आला की काय सांगू. गाडी विकताना पोस्टरवर सात जणांचं हसरं कुटुंब डोंगरात दाखवायचं आणि खरंच सात जण समोर उभे राहिले की टोकन मागायचं! मी सरळ सांगितलं, सात सीट तुम्ही विकताय, मी फक्त त्या वापरून बघतेय, बघितल्याशिवाय एक रुपया भरणार नाही. सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहून म्हणाल्या, "चल गं, दुसरीकडे मिळेल." आणि आम्ही निघालो.

कंपनीच्या वेबसाइटवरून टेस्ट ड्राइव्ह बुक केली तर फोन परत त्याच शोरूममधून आला, कारण पिनकोडप्रमाणे जवळचं शोरूम लागतं. हे लक्षात ठेवा, फॉर्म भरताना दुसऱ्या भागातला पिनकोड टाका. आम्ही तेच केलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या डीलरकडून फोन आला. त्या मॅनेजरबाईंना मी सगळं सांगितलं, त्या फक्त एवढंच म्हणाल्या की शनिवार-रविवार नको, बुधवारी सकाळी लवकर या, आणि सोबत आमचा माणूस न बसता मागून बाइकवर येईल, म्हणजे तुमची सातही सीट तुम्हाला. लायसन्सची कॉपी घेतली, एका कागदावर सही घेतली, बस.

कात्रजचा जुना घाट घेतला. खाली सपाटीवर गाडी छान, पण चढ लागल्यावर एसी चालू ठेवून तिसऱ्यात दम कमी पडतोय हे लगेच कळलं, दुसऱ्यात टाकली की व्यवस्थित ओढते. एका वळणावर पुढे भरलेला टेम्पो थांबला आणि मलाही थांबावं लागलं, आणि मला नेमकं हेच बघायचं होतं. चढावर, सात जणांसह, पहिल्या गिअरमध्ये उचलायची. हिल होल्डने गाडी क्षणभर धरून ठेवली, मागे सरकली नाही, क्लचचा वासही नाही. मागून मुलगा ओरडला की आई एसीची हवा इथे येतेय. तिथेच माझं ठरलं. खाली उतरल्यावर अण्णांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, आणि त्यांच्या पसंतीची मला फार किंमत आहे.

बुकिंग त्याच बाईंकडे केलं.

आता आठवेल तसं सांगते. सीएनजी घेणार असाल तर घाट सीएनजीवरच चढवून बघा, एर्टिगा पेट्रोलवर १०३ पीएसची आहे पण सीएनजीवर ८८ च्या आसपास येते, आणि सिलेंडर डिकीतच बसतो हेही धरा. टायरमधली हवा आधी चेक करा, फुल लोडचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या पिलरजवळच्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. टेस्ट ड्राइव्हमध्ये गाणी बंद ठेवा म्हणजे इंजिनचा आवाज ऐकू येतो. किमतीचा हिशोब करताना जीएसटी बघा, ४ मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांत आहे, आणि एर्टिगा, कॅरेन्स लांबीने मोठ्या असल्यामुळे ४० टक्क्यांत, ट्रायबर मात्र ४ मीटरच्या आत बसते. आणि डेमो कार बहुतेक वेळा टॉप व्हेरियंट असते, तुम्ही घेणार ते व्हेरियंट वेगळं असेल तर हिल होल्ड, मागचा एसी, मागचा वायपर त्यात आहे का हे ब्रोशरमध्ये बोट ठेवून विचारा, तोंडी "असतं मॅडम" वर जाऊ नका.