सोळा दिवसांची रजा आणि उत्तरेचा रस्ता : आमची वाटचाल

आमच्या मोटरसायकल सफरींच्या कार्यालयात येणारा जवळजवळ प्रत्येक ग्राहक पहिल्याच भेटीत दोन आकडे सांगतो. एक, त्याला मिळालेल्या रजेचे दिवस; दुसरा, त्याने घरी नकाशावर मोजलेले किलोमीटर. पहिल्या आकड्याला आम्ही हात लावू शकत नाही. दुसरा कमी कसा करायचा आणि कमी करूनही त्याच्या मनासारखी सफर कशी आखायची, हेच गेली काही वर्षे आमच्या व्यवसायाचे मुख्य काम झाले आहे.

२०११ साली पुण्यात एका दुचाकी दुरुस्तीच्या गॅरेजच्या पोटमाळ्यावर मी आणि माझ्या धाकट्या भावाने हा व्यवसाय सुरू केला. गॅरेज त्याचेच होते. मी तोपर्यंत चिंचवडच्या एका कारखान्यात उत्पादन-नियोजनाचे काम करत होतो. सुरुवातीला लडाख आणि स्पिती एवढ्याच सफरी आम्ही नेत असू. लेहला पोहोचल्यावर विरळ हवेची सवय होण्यासाठी एक दिवस काहीही न करता थांबावे लागते, आणि हा ‘वाया गेलेला’ दिवस ग्राहकाच्या गळी उतरवणे किती अवघड असते, हे आम्ही तिथेच शिकलो. मात्र ते शिकणे त्या डोंगरांपुरतेच राहिले होते, हे परदेशी गेल्यावर कळले.

स्कँडिनेव्हियाची पहिली सफर २०१६ च्या जूनमध्ये काढली. आठ जण होते आणि गाडीवरचे दिवस तेरा. कोपनहेगनला भाड्याच्या मोटरसायकली घ्यायच्या, स्वीडनमधून स्टॉकहोम गाठायचे, रात्रीच्या जहाजाने फिनलंडला उतरायचे, तिथल्या रोव्हानिएमीवरून नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या नॉर्थ केपला जायचे, तिथून लोफोटेन बेटे, मग पश्चिम नॉर्वेतले गायरांगर, ऑस्लो आणि पुन्हा कोपनहेगन, असा तो आराखडा होता. एकूण अंतर सव्वापाच हजार किलोमीटरच्या आसपास भरले. भागाकार केल्यावर रोजचे चारशे आले. पुण्याहून बेळगाव किंवा गोव्याला एका दिवसात जाणाऱ्या माणसांना त्यात काही वावगे वाटले नाही, आणि आराखडा करणाऱ्या मलाही वाटले नाही, ही चूक पूर्णपणे माझी होती.

आम्ही नॉर्थ केपला पोहोचलो. ७१ अंश १० मिनिटे उत्तर अक्षांशावरचा, समुद्रापासून ३०७ मीटर उंचीचा तो कडा आणि त्यावरचा पोकळ पृथ्वीगोल पाहून माणसे हरखली, पण त्याची किंमत पुढच्या आठवड्यात भरावी लागली. लोफोटेनच्या टोकाला मोस्केनेस बंदरात आम्ही भर पावसात उशिरा पोहोचलो. मुख्य भूमीवरच्या बोडोला जाणारी फेरी बोट निघून गेली होती. तो दिवस हातातून गेल्यावर गायरांगर आणि ट्रॉल्स्टिगेनचा घाट दोन्ही रद्द करून महामार्गाने थेट ऑस्लोकडे धावत सुटावे लागले. कोल्हापूरचे एक निवृत्त बँक अधिकारी त्या गटात होते. शेवटच्या रात्री त्यांनी मला आपल्या फोनमधले तेरा दिवसांचे फोटो दाखवले. त्यांतले निम्मे पेट्रोल पंपांवर काढलेले होते. त्यांनी तक्रार केली नाही. परत आल्यावर मात्र तो आराखडा मी फाडून टाकला.

नवा आराखडा करताना कारखान्यातली जुनी सवय कामी आली. यंत्र किती वेगाने चालू शकते यावरून नव्हे, तर दिवसभरात प्रत्यक्ष किती माल बाहेर पडतो यावरून नियोजन करायचे असते. नॉर्वेत गावाबाहेरच्या रस्त्यांवर सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, वस्तीत ५०, आणि ती मोडल्यास होणारा दंड एखाद्याच्या संपूर्ण सफरीचा आनंद घालवील एवढा मोठा असतो. पश्चिम किनाऱ्याला फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांच्या, काठाकाठाने जाणारा रस्ता वळतो, चढतो, बोगद्यात शिरतो आणि मग पाण्यापाशी येऊन संपतो. पुढे बोटच. नकाशा बोटीचा प्रवासवेळ दाखवतो, पण धक्क्यावर थांबण्याचा वेळ त्यात धरलेला असेलच असे नाही. म्हणून आम्ही पश्चिम नॉर्वेसाठी थांबे धरून ताशी ४५ किलोमीटर, आणि उत्तरेकडच्या मोकळ्या प्रदेशासाठी ताशी ६५ हा सरासरी वेग ठरवला. गाडीवर दिवसाला सहा तास. त्यापुढे नाही. या हिशेबाने पश्चिमेला दिवसाचे २७० किलोमीटर येतात, आणि खरे सांगायचे तर २२० असले तर सफर अधिक चांगली होते.

सहा तासांच्या मर्यादेवर ग्राहक सर्वांत जास्त हुज्जत घालतात, कारण जूनमध्ये तिकडे अंधार पडत नाही. नॉर्थ केपला मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. रात्री दहा वाजता लख्ख ऊन असताना ‘अजून शंभर किलोमीटर जाऊ’ असे कोणीतरी म्हणतेच. डोळे जागे असतात, पण हात आणि मान थकलेली असतात. रेनडिअरचे कळप रस्त्यावर येतात, ओल्या रस्त्यावर गुरे अडवण्यासाठी बसवलेल्या लोखंडी जाळ्या निसरड्या होतात, आणि अशा वेळी थकलेल्या माणसाला ब्रेक दाबायला लागणारा अर्ध्या सेकंदाचा उशीर भारी पडतो. त्यामुळे संध्याकाळी सहानंतर आमच्या गटातली गाडी हलत नाही, आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी सामानाच्या यादीत रेनसूटच्या बरोबरीने लिहिलेली असते.

सर्वांत कठीण निर्णय उत्तर आणि पश्चिम यांतले एक निवडण्याचा होता. दोन शनिवार-रविवार जोडून मिळालेल्या सोळा दिवसांतले तीन ते चार दिवस विमान, गाडी ताब्यात घेणे आणि परत करणे यांत जातात. उरलेल्या बारा दिवसांत फ्योर्ड आणि नॉर्थ केप दोन्ही बसवायचे म्हटले, तर दोन्हींवर अन्याय होतो. २०१७ पासून आम्ही दोन स्वतंत्र सफरी केल्या आणि ‘दोन्ही हवे’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे नकार देऊ लागलो. पहिल्या वर्षी त्यामुळे अकरा नोंदण्या गेल्या. भावाचा विरोध होता. हप्ते चालू असताना दारात आलेला ग्राहक परत पाठवणे त्याला पटत नव्हते, आणि त्याचे म्हणणे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही.

पश्चिमेची सफर ऑस्लोहून निघते आणि ऑस्लोलाच संपते. लोमचे बाराव्या शतकातले लाकडी चर्च, तिथून १,४३४ मीटरपर्यंत चढणारा सोग्नेफ्येलचा घाट, आउरलँडचा डोंगररस्ता, गायरांगर, मोल्डेजवळचा समुद्रावरून आठ पुलांनी जाणारा अटलांटिक रस्ता. आउरलँडच्या डोंगराखालून लार्डालचा साडेचोवीस किलोमीटरचा बोगदा जातो. जगातला सर्वांत लांब रस्ता-बोगदा म्हणून तो पाहण्याचा मोह सर्वांना होतो. पण हवा चांगली असेल तर आम्ही वरूनच जातो, कारण थोडा वेळ वाचवून त्या डोंगरावरचा जूनमधला बर्फ चुकवणे मला कधीच पटलेले नाही. हवा बिघडली तर मात्र तोच बोगदा आमचा आधार असतो.

उत्तरेच्या सफरीत आम्ही अंतर विमानाने कापतो. ऑस्लो ते ट्रॉम्सो रस्त्याने सोळाशे किलोमीटरहून अधिक आहे आणि विमानाने दोन तासही लागत नाहीत. गाड्या ट्रॉम्सोला घेतल्या की आल्टामार्गे नॉर्थ केप, परत येताना सेन्या बेट आणि लोफोटेन, असा प्रवास दहा दिवसांत निवांत होतो. १९९९ मध्ये सुरू झालेला, समुद्रसपाटीखाली २१२ मीटरपर्यंत उतरणारा बोगदा नॉर्थ केपच्या बेटावर नेतो. आत थंडी असते, हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते, म्हणून शिरण्यापूर्वी सर्वांना थांबवून काच किंचित उघडी ठेवायला सांगतो.

कागदपत्रांचे वेळापत्रकही आम्ही चुकांतूनच बसवले. युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्या देशाकडे करायचा असतो. पहिल्या वर्षी आम्ही दोन अर्ज उतरण्याच्या देशाकडे केले आणि ते परत आले. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून जूनच्या सफरीची नोंदणी आता आम्ही डिसेंबरमध्ये बंद करतो. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आणि आरटीओतून मिळणारा, एक वर्ष चालणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हे दोन्ही संक्रांतीनंतर लगेच हाती घ्यायला लावतो.

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची भीती सर्वांना गर्दीच्या चौकात वाटते. प्रत्यक्षात चूक होते ती पेट्रोल पंपावरून रिकाम्या रस्त्यावर परत निघताना, जेव्हा समोर अनुसरण्यासारखी एकही गाडी नसते. माझा भाऊ प्रत्येक गाडीच्या टाकीवर उजवीकडे दाखवणारा लाल बाण चिकटवतो. खर्च नगण्य, पण आमच्या साऱ्या तयारीत त्याच्याइतके मोलाचे दुसरे काही नाही. जेवणासाठी आम्ही स्वयंपाकघर असलेल्या लाकडी कॉटेजमध्ये उतरतो. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेण्यास तिथे मनाई आहे, त्यामुळे तूप घरीच राहते. पण मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि तांदूळ यांवर दिवसभर भिजलेला गट ज्या समाधानाने जेवतो, ते पाहण्यासाठी मी दरवर्षी स्वतः जातो.

२०२० मध्ये मार्चच्या मध्यावर सीमा बंद झाल्या. दोन्ही सफरींचे पैसे घेऊन झाले होते आणि त्यांतले बरेच पुढे भरलेले होते. सर्वांचे पैसे परत करायला आम्हाला चौदा महिने लागले. त्यासाठी गॅरेजमधल्या आमच्या स्वतःच्या तीन गाड्या विकल्या. पहिल्या सफरीतल्या त्या कोल्हापूरच्या गृहस्थांनी आपले पैसे परत न घेता पुढच्या सफरीसाठी ठेवायला सांगितले. २०२२ मध्ये ते सत्तराव्या वर्षी आमच्याबरोबर पश्चिमेची सफर करून आले.

प्रत्येक आराखड्यात मी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवतो आणि पत्रकात त्या तारखेपुढे काहीही लिहीत नाही. २०२४ च्या जूनमध्ये ट्रॉल्स्टिगेनच्या घाटात दगड कोसळले आणि तो रस्ता उरलेल्या हंगामासाठी बंद झाला. अकरा हेअरपिन वळणांच्या त्या घाटासाठीच चार जणांनी आमच्याकडे नोंदणी केली होती. जुलैमध्ये गायरांगरला पोहोचल्यावर आम्ही मोकळा दिवस वापरून जुन्या स्ट्रिनेफ्येल रस्त्याला गेलो. १८९४ मध्ये खुला झालेला, हातांनी रचलेल्या दगडी कठड्यांचा हा सत्तावीस किलोमीटरचा रस्ता काही भागात अजून खडीचाच आहे. दोन्ही बाजूंना बर्फ होता आणि तासाभरात समोरून दोनच गाड्या आल्या. ते चौघे मध्येच गाड्या उभ्या करून कठड्यावर बसले आणि चाळीस मिनिटे उठले नाहीत. मी घड्याळ पाहिले आणि काही बोललो नाही. यंदाच्या आराखड्यात हा रस्ता पक्का झाला आहे, ट्रॉल्स्टिगेनपुढे ‘खुला असल्यास’ असे लिहिले आहे, आणि मोकळ्या ठेवलेल्या दिवसात काय बसवता येईल असे विचारणारे तीन फोन आतापर्यंत येऊन गेले आहेत.